आधी पाणी

लांपांगच्या शनिवार बाजारात, तळलेल्या केळ्यांच्या गाडीमागे
थोंगखाम काकांच्या फळीवर बरण्या,
प्रत्येकीत एकच मासा
आणि दर दोन बरण्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा:
शेजारी दिसला की हे काचेवर डोकं आपटतात.
पुठ्ठे जुन्या वह्यांचे. एकावर कुणाचीतरी बेरीज चुकलेली.

मी निळ्याकडे बोट दाखवलं.
शेपूट अशी, की हॉटेलातले जे रेशमी पडदे मी इस्त्री करते
ते ओशाळावेत.
"हा द्या."
"घरी पाणी आहे?"
मला हसू आलं. पाणी काय, नळाला असतंच.
"तसलं नाही. मुरलेलं."
आणि दीडशे बाथ घेऊन त्यांनी मला
एक जुनी टाकी दिली, मूठभर रेती, बदामाची दोन वाळकी पानं,
आणि तीन आठवड्यांनी ये म्हणाले.

तर मी पाणी पाळायला लागले.
रात्रभर बादलीत उघडं ठेवलं,
त्यातला दवाखान्याचा वास उडेपर्यंत.
पानं टाकली. तिसऱ्या दिवशी त्याला कोऱ्या चहाचा रंग आला.
रोज संध्याकाळी चिमूटभर खाद्य, कुणालाच नाही.
ते कुजावं, त्यातून न दिसणारं काहीतरी उपजावं,
पुढे तेच माशाची घाण पचवेल, असं काका म्हणाले होते.
वानपेन, माझ्यासोबत चादरींच्या घड्या घालणारी,
टाकीवर वाकून विचारायची,
"आज कसा आहे गं तुझा नसलेला मासा?"
"बरा आहे. कमी जेवला."

दुसऱ्या आठवड्यात पाणी गढुळलं, वास मारू लागलं.
ओतून टाकावंसं वाटलं. नाही ओतलं.
आणि एका सकाळी ते आपणहून निवळलं;
खोटं कशाला बोलू, मी कामाला जाताना
दोनदा मागे वळून पाहिलं,
घरात कुणाचा तरी ताप उतरल्यासारखं.

निळा विकला गेला होता.
"बरं झालं," काका म्हणाले, "तो नुसता तळाशी पडून असायचा.
रंगावर जाऊ नकोस. बोट लावून बघ."
मी बरणीमागून बरणीला बोट लावत गेले.
सातवीतला एक मातकट, भिजल्या विटेच्या रंगाचा,
सरसर पुढे आला, कल्ले फुगवून
माझ्या बोटाशी भांडायला उभा राहिला.
गिऱ्हाइकाशी इतकं सरळ
या बाजारात कुणी वागत नाही.
घेतला.

पिशवी टाकीत तरंगत ठेवली, अर्धा तास,
आतलं पाणी बाहेरच्याइतकं कोमट होईपर्यंत.
मग थोडं टाकीतलं पिशवीत, थांबणं, पुन्हा थोडं.
मी लग्न होऊन गेले त्या घरातसुद्धा
मला इतक्या हळू कुणी आत घेतलं नव्हतं.

त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं.
सकाळी तीन दाणे. चौथा मागतो, काचेला नाक लावून.
मी पाठ फिरवून भात खाते
आणि घास मोजून घेतल्यासारखा लहान होतो.
रविवारी चार मग पाणी काढते, चार मग मुरवलेलं घालते.
सगळं नाही बदलायचं. सगळं बदललं
तर पुन्हा पहिल्यापासून.
नाव ठेवलेलं नाही. वानपेन त्याला मॅनेजर म्हणते.

एक मात्र झालं. टाकीसमोर भिंतीवर आरसा होता.
मी कामावर असताना तो दिवसभर
आरशातल्याशी झुंजायचा. संध्याकाळी येऊन बघावं
तर पराची कड फाटलेली, धाप लागलेली.
पुठ्ठा लावून पाहिला, पडला. चिकटपट्टी ओल धरेना.
शेवटी आरसाच उतरवला,
कपाटामागे ठेवला, तोंड भिंतीकडे करून.

आता केस चाचपून बांधते.
इस्त्रीच्या वाफेत वानपेन मागून येते,
सुटलेली एखादी बट आत खोचते,
आणि चादरीचं दुसरं टोक उचलते.